बालवाडीतले इंग्रजी खेळातून यावे

महोदय,

गोव्यातील डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतील अनेक मुले घरची मराठी किंवा कोकणी घेऊन बालवाडीत येतात आणि बोटे पेन्सिलीला सरावण्याआधीच त्यांच्यापुढे इंग्रजी अक्षरे गिरवण्याची वही ठेवली जाते, हे मला अन्यायाचे वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळ आणि कृती यांवर आधारला आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी मांडलेली पद्धत या वयाला विशेष मानवते. बाईंनी ‘जंप’, ‘सिट डाऊन’, ‘टच युवर नोज’ असे म्हणत स्वतः करून दाखवावे, मुलांनी केवळ तसे करावे आणि बोलण्याची सक्ती कोणावरही नसावी. कान तयार झाला की शब्द आपसूक ओठांवर येतात. भातुकलीत ‘कप’, ‘स्पून’, ‘वॉटर’ सहज रुळतात. गोष्ट मात्र आधी मुलाच्या भाषेत सांगावी, कारण अर्थ कळल्यावरच परका शब्द टिकतो.

पालकांची घाई मी समजू शकते, तरीही शिक्षण खात्याने बालवाडी शिक्षिका व अंगणवाडी सेविकांना अशा खेळांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे आणि या वयातील लेखी चाचण्या पूर्णपणे थांबवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक पालक, डिचोली