गाडीत बिघाड नाही

प्रिय बाळा,

(वीस वर्षांच्या मुलाला बाळा म्हणू नये, ठाऊक आहे. आजच्यापुरतं खपवून घे.)

शनिवारी गाडी गॅरेजमध्ये न्यायचं तू ठरवूनही टाकलंस, हे मला आज सकाळी कळलं. ‘कूलंट गळतंय का बघा, थर्मोस्टॅट बघा, परत येताना दोनदा तापली’ असं तू फोनवर सांगत होतास आणि मी दाराआड उभी राहून ऐकत होते. दोनदा नाही रे. एकदाच. दुसऱ्यांदा मी खोटं बोलले. समोर बसून सांगायला गेले तर मधेच तुझ्यावरच ओरडेन, नाहीतर रडेन. म्हणून लिहून लॅपटॉपखाली ठेवतेय.

पहिल्यांदा तापली ते खरं होतं. रस्त्याचं काम चालू होतं, तीन रांगांची एक झाली आणि आपण तासाला जेमतेम दोन किलोमीटर सरकत होतो. गाडी पळत असताना समोरून वारा येऊन रेडिएटर थंड राहतो. उभ्या गाडीत सगळा भार एकट्या पंख्यावर. तापमानाचा काटा चढायला लागल्यावर मी एसी बंद करून हीटर लावला, तेव्हा तू माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलंस. हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो, म्हणून काटा उतरला. घामाघूम झालो, पण उतरला. तू रेडिएटरचं टोपण उघडून पाणी घालायला निघाला होतास, तेव्हा मी किंचाळले. त्याबद्दल माफी मागणार नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल केलं की थेट तोंडावर फवारा.

त्या कोंडीतून सुटल्यावर पुढे आणखी एक लागली, आठवते? तू म्हणत होतास, ‘नक्की अपघात झालाय.’ तासाभराने रस्ता मोकळा झाला आणि तिथे काहीच नव्हतं. ना अपघात, ना काम, ना पोलीस. तू इतका चिडलास, जणू अपघात असता तर बरं झालं असतं. २००८ साली जपानमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता: २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं की ताशी ३० च्या आसपास, सारख्या अंतराने चालवा. थोडा वेळ चालल्या. मग कोणीतरी किंचित थबकला, मागचा जरा जास्त थबकला, त्याच्या मागचा आणखी, आणि शेवटी काही गाड्या चक्क उभ्या. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत होती. आपण तसल्याच एका लाटेत तासभर बसलो होतो. हे तुला तेव्हाच सांगणार होते, पण तुझा चेहरा बघून गप्प बसले.

आणि ती शेजारची रांग! ‘तिकडची पळतेय, घे ना तिकडे.’ तुझ्या समाधानासाठी तीनदा घेतली. तो कपाट लादलेला टेम्पो लक्षात आहे ना, ज्याच्या आरशात आपलेच दिवे आपल्यावर पडत होते? तिन्ही वेळा दहा मिनिटांत पुन्हा तोच समोर. शेजारची रांग पळतेय असं वाटतं, कारण आपण पुढे जातो तेव्हा दाटीने उभ्या गाड्या झर्रकन मागे पडतात, आणि तिकडच्या सुटल्या की लांब-लांब अंतराने एकेक करून आपल्याला ओलांडत बसतात. ओलांडून घेण्यातच जास्त वेळ जातो. १९९९ मध्ये रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात हेच मांडलं होतं. असो. मी विषय लांबवतेय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

तर दुसरी वेळ.

तीनला निघायचं ते साडेचारला निघालो, तुझ्या चार्जरसाठी परत फिरलो, दोन कोंड्या, वर तो बंद रस्त्याचा वळसा. नऊला घरी पोचायचं ते मध्यरात्र उलटली तरी रस्त्यावरच. बारा वाजता तू म्हणालास, ‘आई, जरा थांबूया का?’ मी म्हटलं, ‘आता मधे थांबायचं नाही, आधीच किती उशीर झालाय.’ नकाशा घरी पोचायची वेळ दाखवत होता आणि ती दर पंधरा मिनिटांनी पुढे सरकत होती. माझं सगळं लक्ष त्या आकड्यावर. उशीर झाला की माणूस एकेक मिनिट वाचवायला लागतो, ते कशाच्या बदल्यात हे बघत नाही.

कोंडीत मला झोप आली नाही. सारखा क्लच, ब्रेक, तुझी कुरकुर. झोप आली ती रस्ता मोकळा झाल्यावर. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, ताशी ८०, आणि तू मान वाकडी करून झोपलेला. मी खिडकी खाली घेतली. गाणी मोठ्याने लावली नाहीत, तू उठशील म्हणून. मांडीला चिमटे काढले. यातल्या कशानेही झोप जात नाही, फार तर काही क्षण लांबते. हे मला माहीत होतं आणि तरी मी तेच करत होते.

एक चाळीसला रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्टीवरून चाक गेलं आणि ती घरघरली. त्याने मी जागी झाले. म्हणजे त्याआधी मी जागी नव्हते. तू दचकून विचारलंस, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, खड्डा होता.’

खड्डा नव्हता. तुझी आई वर्गात मुलांना ताशी किलोमीटरला ३.६ ने भागायला शिकवते. ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. किती सेकंद गेले मला सांगता येत नाही, तीन धर. ६६ मीटर गाडी आपली आपण गेली, आत तू होतास.

त्या दिवशी पहाटे सहाला सूर्योदय बघायला मीच सगळ्यांना उठवलं होतं. म्हणजे एव्हाना जवळजवळ वीस तास मी जागी. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं ढासळतं. प्यायलेल्या माणसाच्या गाडीत बसू नकोस, कितीही जवळचा मित्र असो, असं मी तुला पन्नास वेळा बजावलंय.

पुढच्या बंद पेट्रोल पंपावर गाडी घातली आणि म्हटलं, ‘काटा चढलाय परत, थंड होऊ दे.’ तू मोबाईलचा दिवा घेऊन उतरलास. डोकावून म्हणालास, ‘मला तर नॉर्मल दिसतोय.’ मी खेकसले, ‘तुला काय कळतंय त्यातलं!’ मग सीट मागे करून डोळे मिटले. चाळीस मिनिटं. तुझी पावलं गाडीभोवती फिरताना अधूनमधून ऐकू येत होती. झोपमोड होऊ नये म्हणून तू दारही लावून घेतलं नव्हतंस, नुसतं टेकवलं होतंस.

उठल्यावर तू विचारलंस, ‘मी चालवू का?’ मी म्हटलं, ‘नको, रात्र आहे.’ लायसन्स येऊन दीड वर्ष झालं तुला. चांगली चालवतोस, अंतर ठेवून, माझ्यापेक्षा शांतपणे. रात्रीचा काही संबंध नव्हता. मी चालवायची आणि तू शेजारी झोपायचं, हे इतकी वर्षं चाललंय. ते मला मोडायचं नव्हतं. एवढंच कारण, आणि त्यासाठी मी तुला उरलेला तासभर तसंच नेलं. पोचलो, पण ते माझा हिशेब बरोबर होता म्हणून नव्हे.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

दुसरी किल्ली तुझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. पुढच्या वेळी परतीचा अर्धा रस्ता तुझा. मी ‘नको’ म्हटलं तरी गाडी थांबवायला लाव. रागावेन, त्याकडे लक्ष देऊ नकोस. मी शेजारी बसून पायाने खोटा ब्रेक दाबत राहीन, तेवढं सहन कर.

आणि गॅरेजवाल्याला फोन करून शनिवारचं रद्द कर. का म्हणून विचारलंच, तर सांग, गाडी ठीक आहे, आईला झोप लागली होती.

तुझी,
आई