नमुना विणण्यासाठी छोटा माग हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विटा, माधवनगर आणि आसपासच्या गावांतील यंत्रमाग व्यवसायावर आपल्या दैनिकात जे छापून येते ते आम्ही यंत्रमागधारक आवर्जून वाचतो. वीजदर, सुताच्या भावातील चढउतार, मजुरी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते आवश्यकच आहे. मात्र आमच्यापैकी अनेक जण वर्षानुवर्षे व्यापाऱ्याने दिलेल्या बीमवर (उभे धागे गुंडाळलेल्या रुळावर), व्यापाऱ्याने ठरवलेलेच कापड, पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवरच्या, मजुरीने का विणत राहतात, या प्रश्नाची एक बाजू चर्चेत येत नाही. स्वतःच्या मनातले कापड हातभर विणून पाहण्याचे साधन आमच्याजवळ नाही. ते साधन म्हणजे टेबलावर मावणारा आणि एका माणसाला उचलून नेता येईल असा छोटा नमुना माग. त्याच्याविषयी हे पत्र आहे.

यंत्रमागावर नमुना काढणे किती जड जाते हे या धंद्याबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, रंग किंवा जाडी बदलून पाहायची असेल तर चालू बीमवरच कांडी बदलून काही इंच विणता येते. परंतु ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, पट्टा टाकायचा असेल किंवा सुताचा नंबर (जाडी) बदलायचा असेल, तर नवे बीम लागते, आणि वहीत (उभे धागे उचलणाऱ्या चौकटीत) तारा भरण्याचा क्रमच वेगळा हवा असेल, तर साऱ्या तारा पुन्हा भराव्या लागतात. ५२ इंच पन्ह्याच्या आणि इंचाला ६० तारा असलेल्या कापडात ३१२० तारा येतात. त्यातील प्रत्येक तार वहिफणी करणाऱ्या कामगाराला वहीच्या डोळ्यातून आणि बाणा ठोकून बसवणाऱ्या फणीच्या घरातून ओढून घ्यावी लागते आणि तोवर माग उभा राहतो. अवघे १०० मीटरचे बीम धरले तरी ४० नंबरच्या एकेरी सुताचे सुमारे साडेचार किलो ताण्यातच जाते, आणि एवढ्याशा लांबीसाठी ताण्याला खळ देणारे सायझिंगवाले यंत्र लावत नाहीत. जो माणूस मजुरीवर चार माग चालवतो, तो केवळ 'कसे दिसते ते पाहू' म्हणून हा खर्च करणार नाही, आणि त्याने करू नये हेच शहाणपणाचे आहे.

तेच कापड ६ इंच रुंदीच्या नमुन्यात आणले तर तारा ३६० होतात. २ मीटर ताणा घेतला तर ७२० मीटर सूत लागते आणि ४० नंबरच्या एकेरी सुताचे हे वजन ११ ग्रॅमच्याही आत भरते. एकेरी सुताला घरी खळ द्यावी लागेल, दुहेरी पिळाच्या सुताला बहुधा तीही लागणार नाही. अशा मागाला पायाने दाबायच्या पावड्या नसतात. वरच्या किंवा बाजूच्या दांड्या हाताने ओढून वह्या उचलायच्या, धोटा किंवा बाणा गुंडाळलेली पट्टी हाताने पलीकडे काढायची आणि फणीने ठोका द्यायचा, एवढेच त्याचे काम असते. विणण्याचा वेग अर्थातच फार कमी असतो, पण नमुन्याला वेग नको असतो.

या मागाला किती वह्या आहेत यावर त्याचा उपयोग ठरतो. साध्या विणीला २ पुरतात, दोन-वर-दोन-खाली अशा ट्विलला (तिरप्या रेघांच्या विणीला) ४ लागतात, साटीनला किमान ५ हव्यात. ४ वह्यांच्या मागावर ताणा १४ तऱ्हांनी उघडता येतो, ८ वह्यांवर २५४ तऱ्हांनी. त्यामुळे तारा एकदाच भरून, फक्त वह्या उचलण्याचा क्रम बदलत, एकाच ताण्यावर साधी वीण, ट्विल, मॅटी (तारा जोडीजोडीने घेतलेली वीण) असे तुकडे एकाखाली एक विणता येतात. त्याहून मोलाची गोष्ट रंगांची आहे. ताण्यात चार रंगांचे चार पट्टे घेतले आणि तेच चार रंग बाण्यात क्रमाने विणले, तर त्या छोट्या तुकड्यात १६ चौकोन मिळतात आणि कोणता रंग कोणत्या रंगाला मारतो, कोणता खुलवतो हे डोळ्यांसमोर येते. संगणकावरही असे चौकोन काढता येतात हे मला मान्य आहे आणि आमच्या घरातील पुढची पिढी ते काढतेही. मात्र पडद्यावरचे कापड चुरगाळता येत नाही, धुऊन किती आटते ते पाहता येत नाही, आणि मुंबईच्या बाजारात गादीवर बसलेला खरेदीदार पहिल्यांदा कापडाला हातच लावतो.

यात एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे साधन घेऊन लोक निराश होतील. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भाताचे असावे लागते. नमुना मागाला फणी त्याच नंबरची हवी, सूतही तेच हवे, आणि हाताचा ठोका यंत्राच्या ठोक्याइतका एकसारखा पडत नसल्याने काउंटिंग ग्लास (धागे मोजण्याचे भिंग) लावून इंचातले पिक वारंवार मोजले पाहिजेत. अरुंद कापडाच्या कडा अधिक ओढल्या जातात, म्हणून माप मधल्या भागाचे घ्यावे. विणलेला तुकडा मागावरून उतरवून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजल्याशिवाय त्यावर मोठे बीम बांधण्याचा निर्णय घेऊ नये. यंत्रमागावर ताण जास्त असतो, त्यामुळे पहिल्या मोठ्या बीमवर थोडा फरक पडणारच. पण तो फरक थोडक्यात सुधारता येण्याजोगा असतो, तर आंधळेपणाने भरलेले बीम चुकले की ते शेवटच्या मीटरपर्यंत चुकीचेच विणावे लागते.

हा विचार आपल्या भागाला परका नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते, तेव्हा यंत्र हलके असावे, सहज नेता यावे आणि खेड्यातल्या झोपडीत चालवता यावे अशा अटी घातल्या होत्या. त्या स्पर्धेसाठी आपल्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत एक चरखा तयार झाला होता. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, पण कातण्याचे यंत्र काखेत मारून नेता यावे हा आग्रह मात्र टिकला आणि येरवड्याचा पेटी चरखा घरोघरी पोहोचला. मागाच्या बाबतीत आपण एवढा आग्रह धरला नाही, असे मला वाटते. अमेरिकेत मात्र इलिनॉय राज्यातील स्ट्रक्टो नावाच्या कंपनीने अवघ्या ८ इंच रुंदीचे लोखंडी माग काढले होते, आणि त्यांची खरी सोय मागापेक्षा ताण्यात होती. दोन-दोन इंचांच्या रिळांवर आधीच गुंडाळलेला ताणा विकत मिळे, तो दांड्यावर चढवला की विणकराचे वार्पिंगचे (ताणा तयार करण्याचे) काम वाचे. ही कल्पना विट्यात सहज राबवता येईल. मोठ्या वार्पिंगनंतर कोनांवर (सुताच्या शंकूंवर) उरणारे सूत अशा छोट्या रिळांवर भरून ठेवले, तर नमुन्यासाठी वेगळे सूत आणण्याचीही गरज उरणार नाही.

माण, आटपाडी, जत या भागांतील घोंगडी विणणाऱ्यांचाही इथे विचार व्हावा. दख्खनी मेंढीच्या लोकरीचा ताणा चिंचोक्याच्या खळीने कडक करून खड्डामागावर विणला जातो, आणि तो माग जमिनीत रोवलेला असल्याने विणकराला कुठे नेता येत नाही. त्याच लोकरीची पिशवी, आसन किंवा गालिचा करून पाहायचा असेल तर किती विरळ आणि किती घट्ट विणायचे हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी वह्यासुद्धा नकोत. एकाआड एक छिद्र आणि फट असलेली, वहीचे आणि फणीचे दोन्ही काम करणारी एकच पट्टी बसवलेला लाकडी माग पुरतो. असा माग गावचा सुतार करून देईल.

चार वह्यांच्या मागालाही फार मोठा खर्च यावा असे नाही. सांगाडा आयटीआयच्या सुतारकाम आणि फिटर विभागातील विद्यार्थी करू शकतील. जुन्या यंत्रमागाच्या फण्या कापून आणि कडा नीट बांधून त्या छोट्या मागाला बसवता येतात, आणि वह्यांच्या तारा तर प्रत्येक कारखान्यात टोपल्यांनी पडलेल्या असतात. जिल्हा नियोजन समितीने आणि जिल्हा उद्योग केंद्राने यंत्रमागधारकांच्या संघटनांमार्फत असे काही माग विट्यात आणि माधवनगरात ठेवावेत, अनामत घेऊन ते आठवडाभर घरी नेण्याची मुभा द्यावी आणि सोबत वहिफणीतील एखाद्या अनुभवी कामगाराला शिकवण्याचे मानधन द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्या कामगारांजवळ जे ज्ञान आहे त्याला आज फक्त तारांच्या संख्येने मोल मिळते, याचे मला मनापासून दुःख वाटते.

जो माग नेईल त्याने विणलेल्या नमुन्याचा एक तुकडा, सुताचा नंबर, फणी, इंचातील पिक आणि धुतल्यानंतरचे माप लिहून संस्थेच्या नोंदवहीत चिकटवावा, एवढी एकच अट असावी. ज्याला आपली रचना गुप्त ठेवायची असेल त्याला काही काळ तशी मोकळीक द्यावी, कारण नक्कल होण्याची भीती आमच्या धंद्यात खरी आहे आणि ती दूर केल्याशिवाय कोणी माग न्यायला येणार नाही.

आपला विश्वासू,
एक यंत्रमागधारक,
विटा, जि. सांगली