‘त्यांच्यात असंच असतं’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आजच्या पिढीला मूलबाळ नको’ हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. माझी पुण्यातली भाची ३१ वर्षांची आहे, तीही हेच म्हणते. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पिढी एवढीच का?

मी बीड जिल्ह्यात २६ वर्षं विज्ञान शिकवलं. दसरा-दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा, कारण आईबाप ऊसतोडीला निघायचे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती जोडीला. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. मग पोराचं लग्न लवकर उरकलं की हिशेब जुळतो. पोरीच्या आईबापाचा घोर वेगळा. वयात आलेल्या लेकीला सहा महिने म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचं कसं? नववीतली मुलगी त्या वर्षीच सासरच्यांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वर्षांच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड आणि परभणीत ४० टक्क्यांच्या वर.

यावर शहाणी माणसं म्हणतात, ‘त्यांच्या समाजात असंच असतं.’ माझ्याच वर्गात त्याच समाजाच्या, त्याच भावकीतल्या दोन मुली होत्या. एकीच्या विहिरीला पाणी होतं, घरातलं कोणी तोडीला जात नव्हतं. ती बी.एस्सी. झाली, लग्न चोविसाव्या वर्षी. दुसरी सतराव्या वर्षी कडेवर बाळ घेऊन भेटली. म्हणाली, ‘मॅडम, लेकरू झालं की सासू जरा नीट बोलती.’ आईपण म्हणजे काय, याचा धडा तिला असा मिळाला होता. पुढे दोन-तीन मुलं झाली की ‘पिशवी काढून टाका’ हा गर्भाशय काढण्याचा सल्ला येतो, कारण पाळीमुळे कामात खाडा पडला तर पैसे कापतात. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली.

शाळेने काय केलं? र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि २००७ मध्ये आपल्या राज्याने शाळेतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. मीही नामानिराळी नाही. पहिली काही वर्षं प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून मी पान उलटत असे. घरी म्हणजे कुठे, हे सुचलंच नाही. पुढे मुलींना वेगळं बसवून शिकवू लागले, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘लगेच मूल नको असलं तर नवऱ्याला सांगायचं कसं?’ पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही धड नव्हतं.

आईबाप तोडीला गेल्यावर मुलं गावातच राहावीत म्हणून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुली बहुधा दहावीपर्यंत टिकायच्या, हे मी पाहिलं आहे. आमच्या गावचं वसतिगृह एका वर्षी दिवाळीनंतर महिन्याभराने उघडलं. तोवर टोळ्या गेल्या होत्या, मुलीही.

— एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई