एक कोटीची घोषणा होते, पुढचे कागद कोण बघणार?

महोदय,

जवानाचे पार्थिव गावात आले की पुढारी येतात, मदतीचा आकडा जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरात छापून येतो. 2019 पासून राज्य सरकार शहीदाच्या कुटुंबाला 1 कोटी रुपये देते, केंद्राचे सानुग्रह अनुदान वेगळे. रकमा तुटपुंज्या आहेत असे आता म्हणवत नाही. घोडे अडते ते कागदांत, आणि त्यावर फारसे कोणी लिहीत नाही.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणारा. युनिट कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्याची अंतर्गत चौकशी) बसवते आणि मृत्यू कोणत्या वर्गात बसतो हे ठरते. त्यावर पुढचे सगळे अवलंबून. समजा नाईक हुद्द्यावरील जवानाचा मूळ पगार 30,500 आणि मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, म्हणजे एकूण 35,700 रुपये. शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना मृत्यू आला तर पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तीवेतन मिळते, म्हणजे पूर्ण 35,700. ड्युटीवर अपघात झाला किंवा सेवेमुळे जडलेल्या आजाराने मृत्यू आला तर विशेष कुटुंब निवृत्तीवेतन 60 टक्के, म्हणजे 21,420. सेवेशी संबंध नाही असे ठरले तर 10 वर्षे 17,850 आणि त्यानंतर 10,710. महागाई भत्ता सगळ्यांवर वेगळा मिळतो. जवान अविवाहित असेल तर उदारीकृत वर्गात दोन्ही पालकांना मिळून 75 टक्के, एकच पालक असेल तर 60 टक्के.

केंद्राच्या अनुदानाचेही तसेच. ड्युटीवरील अपघातात 25 लाख. सीमेवरील चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई किंवा अतिउंच ठाण्यांवर हवामानाने घेतलेला बळी असेल तर 35 लाख. युद्धात 45 लाख. म्हणून अंत्यविधी आटोपल्यावर आठवडाभरात युनिटला एकच लेखी प्रश्न विचारावा: बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतील मृत्यू) नोंदली की फिजिकल कॅज्युअल्टी (अपघात, आजार वगैरे इतर कारणाने मृत्यू)? चौकशीच्या अहवालाची प्रत मागावी. निर्णय पटला नाही तर अपील करता येते आणि शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. वर्षभराने जाग आली तर साक्षीदार बदली होऊन गेलेले असतात.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव बदलते, कित्येक घरांत पहिले नावही. मग आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे आणि पलटणीच्या कागदांत तिसरेच स्पेलिंग. जवानाने लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पार्ट टू ऑर्डर (युनिटकडून होणारी कौटुंबिक बदलांची अधिकृत नोंद) काढून घेतलेला नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे पलटणीच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या लेखी तो अविवाहितच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. तेथून हरकत आली की राजपत्रातील नावबदल, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी अशी सगळी वरात निघते आणि ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवरील पेन्शन तोवर थांबते. पत्नीचे पॅन कार्ड आणि तिच्या एकटीच्या नावाचे बँक खाते आधीपासून असेल तर यातले बरेच टळते.

मृत्यूच्या दाखल्यासाठी लोक ग्रामसेवकाकडे खेटे घालतात. ते व्यर्थ आहे. मृत्यू जेथे घडला तेथेच त्याची नोंद होते, अंत्यसंस्कार झाले त्या गावी नव्हे. दाखला युनिटमार्फतच मागवावा आणि भरपूर प्रती घ्याव्यात. पेन्शनसाठी पत्नीचे नाव रेकॉर्डवर असेल तर कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. तो लागतो विम्यासाठी आणि भविष्य निर्वाह निधीसाठी, तेही नॉमिनी नसेल किंवा वाद असेल तेव्हा.

वाद होतात, हे उघड बोलले पाहिजे. पेन्शन पत्नीला गेली की म्हाताऱ्या आईवडिलांच्या हाती काही राहत नाही आणि सासर-सुनेचे कोर्ट सुरू होते. त्यावर सोपा उपाय जवानाच्याच हातात असतो: आर्मी ग्रुप इन्शुरन्सच्या (सैन्याच्या समूह विम्याच्या) नामनिर्देशनात पत्नी आणि पालक यांचे हिस्से टक्केवारीने लिहून ठेवणे. लग्नाआधी भरलेला फॉर्म लग्नानंतर बदलायचा असतो, हे निम्म्या जणांच्या ध्यानातही नसते. पगाराचे खाते संरक्षण पॅकेजमधले (सैनिकांसाठीच्या खास सवलतींचे) असेल तर बँकेचा अपघात विमाही असतो. त्याच्या दाव्याची मुदत उलटून गेल्यावर चौकशी करण्यात अर्थ नाही.

अग्निवीरांच्या, म्हणजे अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेल्यांच्या, पालकांना तर वेगळेच सांगावे लागते. त्यांना 48 लाखांचा विमा, सेवेमुळे मृत्यू आल्यास 44 लाखांचे अनुदान, उरलेल्या मुदतीचे वेतन आणि सेवानिधी (सेवेअखेर मिळणारी साठवलेली रक्कम) मिळतो; कुटुंब निवृत्तीवेतन नाही. एकरकमी पैसा भावकीत आणि दुप्पट करून देणाऱ्यांच्या हाती किती लवकर विरतो, हे गावोगावी दिसते. आमच्या मते ही योजनेतली सर्वांत मोठी उणीव आहे. सीआरपीएफ आणि बीएसएफच्या कुटुंबांचे दार तर वेगळेच आहे. ती दले गृह मंत्रालयाकडे असल्याने त्यांची बरीच कामे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होत नाहीत. त्यांच्या दलाच्या मुख्यालयाकडेच जावे लागते.

राज्याच्या 2018 च्या निर्णयानुसार शहीदाच्या पत्नीला किंवा वारसाला 2 हेक्टर शेतजमीन मिळते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. प्रत्यक्षात लागवडीयोग्य मोकळी सरकारी जमीन सापडतच नाही; असते ते गायरान, आणि 2011 पासून गायरान देण्यावर निर्बंध आहेत. म्हणून अर्जात नुसते ‘जमीन मिळावी’ न लिहिता तलाठ्याकडून गट क्रमांक काढून, सातबारा जोडून मागणी करावी. अर्ज मोघम असला तर फाईल वर्षानुवर्षे ‘जागा उपलब्ध नाही’ या शेऱ्यावर पडून राहते.

सरकारकडे मागणी एवढीच, की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कल्याण संघटकाला प्रत्येक अशा कुटुंबासाठी पहिले वर्षभर नेमून द्यावे आणि युनिट, रेकॉर्ड ऑफिस, तहसील व बँक यांचा पत्रव्यवहार त्याने करावा. आणि सध्या सुट्टीवर घरी आलेल्या प्रत्येक जवानाने पत्नीचे आधार, पार्ट टू ऑर्डर आणि नॉमिनीचा फॉर्म ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून नावांची अक्षरे जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर युनिटमध्ये परतल्यावर पहिल्याच आठवड्यात क्लार्ककडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा.

आपले,
माजी सैनिक कल्याणाच्या कामातील काही वाचक, सातारा