ढोर वगळलं तर कविता कुठे उरते?

माननीय संपादक,
स. न.

परीक्षा जवळ आल्या आहेत. परवा शेजारच्या मुलीचं गाइड सहज चाळलं. बहिणाबाई चौधरींच्या कवितेखाली अर्थ छापला होता : ‘मानवी मन चंचल असते.’ त्याखाली अलंकाराचं नाव. बस्स. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या मला हे फार लागलं.

‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर;
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.’

आमच्या खानदेशात ज्यांनी ज्वारीची राखण केली आहे, त्यांना ठाऊक आहे की ढोर दुष्ट नसतं. हिरव्याची चव लागलेली असते, म्हणून ते परत फिरतं. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, समजावून तर नाहीच. समर्थ रामदास मनाला ‘सज्जना’ म्हणतात. सज्जनाला चार गोष्टी सांगता येतात, म्हणून तिथे श्लोकामागून श्लोक उपदेश चालतो. ढोराला उपदेश कोण करणार? बहिणाबाईंच्या या कवितेत तो नाहीच. आहे ती राखण, आणि उभं पीक आहे तोवर राखणीला सुट्टी नाही. मनाला ढोर म्हटलं आणि पाप-पुण्याचा प्रश्नच बाजूला पडला. ‘चंचल’ या शब्दात यातलं काय येतं?

पुढे मन पाण्यावरच्या लाटांसारखं होतं, वाऱ्यासारखं उंडारतं. मग ते जहरी होतं. इतकं, की विंचू-साप बरे, ‘त्याले उतारे मंतर’! इथे कवितेत पहिल्यांदा भीती शिरते. नंतर पाखरू, वीज, आणि मग खसखशीचा दाणा, जो आभाळातही मावत नाही. शेवटी ती थेट देवालाच विचारते, जागेपणी तुला असं स्वप्न पडलं तरी कुठे? हाकून दमलेली बाई अचंब्यापर्यंत पोचते ती या प्रतिमांच्या वाटेनेच. सगळ्यांचा अर्थ एकच असता, तर तिने पहिल्या कडव्यानंतर पुढे गायलंच नसतं.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कवितांचं पुस्तक निघालं ते तिच्या मृत्यूनंतर, 1952 साली. अलंकारांची नावं तिच्या कामाची नव्हती. मुलांना ती जरूर शिकवावीत, पण तिथेच थांबू नये.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : ‘पहिल्या ओळीत ढोराऐवजी वारा असता, तर कवितेत काय बदललं असतं?’ असा प्रश्न एकदा विचाराच. चांगले चार मार्क ठेवा त्याला. गुरांमागे फिरणारी मुलं त्याचं उत्तर गाइडापेक्षा सरस लिहितील.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
जळगाव जिल्हा