पाच दिवसांचा खाडा आपण भरूया

समस्त गावकरी मंडळी, माहेरवाशिणी आणि पुण्या-मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेल्या आमच्या पोरापोरींनो, महिला ग्रामसंघाचा सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम तोंडावर आला आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतील, ओढ्यापलीकडच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतील. त्याआधी एका कामासाठी, टोळ्यांतल्या गरोदर बायांना फ्लूपासून जपण्यासाठी, तुमच्याकडे मदत मागतो आहोत. काम नवं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या बचत गटातली एकजण जनावरांना वाढं आणायला फडात गेली होती. तिथं एक पोर मोळीला टेकून बसलेली दिसली. वीस-एकवीस वर्षांची, बीडकडची, सातवा महिना लागलेला. डोक्याला टॉवेल घट्ट आवळलेला, अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घामानं भिजलेला आणि तरी हातावर काटा उभा. “ताप हाय का गं?” असं विचारलं तर म्हणाली, “पडसं हाय आक्का. खाडा नाही परवडत.” आणि उठून मोळी डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशीही ती फडात होती. तिला खोकताना आमच्यातल्या तिघीचौघींनी ऐकलं होतं. आम्ही तिला आल्याचा तुकडा आणि तुळशीची पानं दिली आणि घरी आलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला. कोपीत गेलो तर ती बसून होती, कारण आडवं झालं की जीव घाबरा होत होता. एक वाक्य बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागत होता. आशाताईंनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा आला ८६. जीप काढली, मोठ्या दवाखान्यात नेलं. निदान स्वाइन फ्लूचं झालं, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. अकरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. ती वाचली. बाळ मात्र सातव्याच महिन्यात झालं आणि चौथ्या दिवशी गेलं. तिचं नाव इथं लिहीत नाही, ते तिचं तिच्यापाशी राहू दे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला होता, “ताप कधीपासून आहे?” आम्हाला उत्तर माहीत होतं. दोन दिवसांपासून माहीत होतं. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, हे मात्र आम्हाला त्या दिवशी कळलं.

पडसं सगळ्यांनाच होतं, मग गरोदर बाईचं एवढं काय, असं पुष्कळांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ग्रामसंघाच्या बैठकीला बोलावलं, त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. पोटातलं बाळ वाढतं तसा छातीखालचा पडदा वर ढकलला जातो, शेवटच्या महिन्यांत साधारण चार सेंटीमीटर. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते ती जवळपास पाचव्या हिश्शानं कमी होते. प्राणवायूची गरज मात्र सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली असते, कारण दोन जिवांचं भागवायचं असतं. म्हणजे टाकी लहान झाली आणि नळ वाढले. एरवीच्या माणसाला न्यूमोनिया झाला तर काही काळ निभावून नेता येतं. गरोदर बाईच्या टाकीत तेवढं पाणीच नसतं, त्यामुळे तिची तब्येत सकाळी बरी आणि संध्याकाळी गंभीर, अशी झपाट्यानं उतरू शकते. त्यात हृदयावरचा भार वाढलेला असतो आणि बाळाला सामावून घेण्यासाठी शरीराची प्रतिकाराची तऱ्हाही बदललेली असते.

बाळाचं काय, हे बैठकीत एका म्हातारीनं विचारलं. फ्लूचा विषाणू बहुधा वार, म्हणजे प्लॅसेंटा, ओलांडून बाळापर्यंत पोचत नाही. बाळाला मार बसतो तो आईच्या तापाचा आणि तिच्या रक्तातल्या कमी झालेल्या प्राणवायूचा. पहिल्या तीन महिन्यांतला जोराचा ताप बाळाच्या मेंदू-मणक्याच्या जडणघडणीला बाधू शकतो. पुढच्या महिन्यांत आजार वाढला तर दिवस भरायच्या आत बाळंतपण होतं, बाळ वजनानं कमी भरतं, कधी पोटातच जातं.

हे काही आजचं नाही. १९१८ च्या फ्लूच्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. त्या साथीत गरोदर बायांचे किती हाल झाले याची मोजदाद अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी १९१९ साली मांडली: १,३५० आजारी गरोदर स्त्रियांपैकी २७ टक्के दगावल्या. त्या काळी ना ऑक्सिजनची आजच्यासारखी सोय होती, ना फ्लूवरचं औषध. पण २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा दोन्ही होतं, तरी अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया एक टक्का आणि मृतांमध्ये पाच टक्के, असं चित्र दिसलं. आपल्या देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. स्वाइन फ्लूचा तो एच१एन१ विषाणू कुठं गेलेला नाही, दरवर्षीच्या फ्लूमध्ये तोही फिरतो.

कोरोना तर आपण सगळ्यांनी पाहिला. २०२१ मध्ये बाकी राज्यात दुसरी लाट ओसरली तरी सांगली, सातारा, कोल्हापुरात जुलैपर्यंत तिचा रेटा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) त्या वेळी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार कोरोना झालेल्या गरोदर आणि बाळंतिणींमध्ये पहिल्या लाटेत मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्के होतं, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के झालं. गरोदर स्त्रियांना कोरोनाची लस घ्यायला परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ ला, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस निघून गेल्यावर. ही गोष्ट मला आजही सलते.

फ्लूच्या लसीचं तसं नाही. ती आहे, जुनी आहे, तिच्यात जिवंत विषाणू नसतो आणि गरोदरपणात ती चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्येच ती गरोदर स्त्रियांना प्राधान्यानं द्यावी असं सांगितलं आहे. महाराष्ट्र शासन २०१५ पासून सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांना ती मोफत देतं. आईनं टोचून घेतली की तिची ताकद वारेतून बाळाला मिळते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्यामुळे बाळाला जे कवच मिळायचं ते आईच्या दंडातूनच मिळतं. एवढं असून आमच्या गटांत विचारलं तर चाळीस बायांतल्या दोघींनी ती घेतलेली निघाली. बाकीच्यांनी नावही ऐकलं नव्हतं.

गावातल्या लेकीसुनांचं आम्ही बघू. त्यांची नावं आशाताईंच्या वहीत आहेत, दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला त्या जातात, तिथं आता लसीचं आठवणीनं विचारायचं ठरलं आहे. आमचा जीव अडकतो तो माळावरच्या बायांत. तिची नोंद झालेली असते तिच्या गावाकडं. इथं पाच-सहा महिने ती कुणाच्याच यादीत नसते. माता-बाल संरक्षण कार्ड तिकडं सासूच्या पेटीत राहतं. पहाटे तीनला उठायचं, पाचटाच्या धुरात भाकरी थापायच्या, थंडीत दवानं ओल्या उसात शिरायचं. सहा-सात माणसं एका कोपीत, एकाला खोकला झाला की सगळ्यांना होतो. आणि आपल्याकडं फ्लू जोर धरतो तो पावसाळ्यात आणि दुसऱ्यांदा जानेवारी ते मार्च, म्हणजे नेमका तोडीच्या भरात.

तरीही खरी अडचण दवाखाना लांब असण्याची नाही. १०२ आणि १०८ च्या गाड्या आहेत, फ्लूवरच्या ऑसेल्टामिविरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अडचण खाड्याची आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बाई बसली की अर्धा कोयता बसला. त्या दिवसाची मजुरी बुडते, वर मुकादम खाड्याचे पैसे उचलीत, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या हिशोबात, धरतो. गोळ्यांचा कोर्स पाच दिवसांचा असतो आणि विश्रांतीही निदान तेवढी हवी. गोळी फुकट आहे, पण ती घेऊन पडून राहायचे पाच दिवस तिला परवडत नाहीत. ती पोर उठून मोळी उचलायला गेली ती अडाणीपणानं नव्हे. तिनं हिशोब केला होता.

म्हणून आमची पहिली मागणी आहे ‘खाडा निधी’. माळावरच्या ज्या गरोदर बाईला ताप-खोकला होईल तिला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली की त्या पाच दिवसांचे पैसे ग्रामसंघ तिच्या हातात देणार. मुकादमांशी बोलणं झालं आहे. ते पैसे उचलीत वळते करून घ्यायचे नाहीत, आजारपणाचा खाडा धरायचा नाही, हे दोघा मुकादमांनी मान्य केलं आहे. बाकीच्यांना गावानं सांगितलं तर ते ऐकतील. शेतकरी बंधूंनो, इथं तुमचा शब्द पैशाइतकाच मोलाचा आहे. ऊस तुमचा आहे. फडात कुणी पोटुशी बाई धापा टाकताना दिसली तर तोड तासभर थांबली तरी चालेल, असं तुम्ही मोठ्यानं म्हणा.

दुसरी मागणी वस्तूंची. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि डिजिटल थर्मामीटर, प्रत्येक टोळीमागे एकेक. ते त्यांच्यातल्याच एका बाईच्या हातात द्यायचे आणि तिला शिकवायचं: गरोदर बाईचा आकडा ९५ च्या खाली गेला तर वाट बघायची नाही, गाडी बोलवायची. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, हात गार पडले असतील तर आकडा चुकतो, म्हणून आधी हात चोळून ऊब आणायची. कापडी नको, तीन पदरी मास्क हवेत. जाड गोधड्या, चादरी चालतील, पण धुतलेल्या. घरात वापरात नसलेली शेगडी आणि सिलिंडर कुणी हंगामापुरती दिली तर एका कोपीतला तरी धूर कमी होईल.

लस मात्र कुणी परस्पर विकत घेऊन पाठवू नका. मागं एका भल्या माणसानं औषधं पार्सलनं पाठवली होती, म्हणून मुद्दाम सांगते. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते, वाटेत तापली की वाया. टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यात आम्ही आशाताईंबरोबर कोप्यांतून फिरून गरोदर बायांची यादी करू आणि आरोग्य केंद्रात त्यांची नोंद करून घेऊ. तिथला साठा संपला तरच डॉक्टरांच्या चिठ्ठीनं बाहेरून लस आणू. खासगीत ती हजार-दोन हजारांच्या घरात जाते, त्यासाठीही निधीतून पैसे लागतील. लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे जानेवारीची वाट पाहून भागणार नाही.

पैसे देणं शक्य नसेल त्यांनी दिवस द्या. ज्यांच्याकडं जीप, ओमनी आहे त्यांनी रात्री-अपरात्री गाडी काढायची तयारी ठेवा, १०८ येईपर्यंत थांबता येत नाही अशी वेळ येते. डिझेलचा खर्च ग्रामसंघ देईल. शिकलेल्या मुलींनी यादी करायला, फोन करायला या.

आणि घरातल्या सासवांना, आयांना एक हात जोडून सांगणं. लेक बाळंतपणाला माहेरी आली की भेटायला अख्खी आळी येते, डोहाळजेवणाला घर भरतं. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याला दारातूनच प्रेमानं परत पाठवा, कुणी रागावलं तर रागावू दे. सुनेला ताप आला तर काढा, वाफ जरूर द्या, पण त्याच दिवशी दवाखानाही गाठा. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून देऊ नका, त्यातल्या कितीतरी गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. तापाला पॅरासिटॅमॉल चालते, तीही डॉक्टरांना विचारून. आणि “पोटुशी बाईनं गोळ्या घेऊ नयेत” असं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नका. फ्लूचं औषध गरोदर बाईला मुद्दाम लवकर देतात, तपासणीच्या रिपोर्टसाठीही थांबत नाहीत.

२०१९ च्या महापुरात आपल्या घरांत कृष्णामाई शिरली तेव्हा कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून भाकरी, पांघरुणं, औषधं आली. आपण ती कुणाची, कुठून आली हे विचारलं नाही. त्या गाड्यांमध्ये मराठवाड्याच्याही होत्या. त्याच भागातल्या लेकी आता आपल्या शिवारात येणार आहेत.

मदत ग्रामसंघाच्या बँक खात्यातच जमा करा. खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला आहे, बाहेरगावच्यांनी घरच्यांकडून मागवून घ्यावा. रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही. दहा रुपये असोत की दहा हजार, पावती मिळेल. खर्चाचा हिशोब हंगाम संपल्यावर ग्रामसभेत वाचून दाखवू, उरलेली रक्कम पुढच्या हंगामासाठी राहील. वस्तू दर रविवारी सकाळी दहा ते बारा मराठी शाळेच्या व्हरांड्यात घेतल्या जातील. पहिली टोळी पाडव्यानंतर चार-आठ दिवसांत उतरते, म्हणून ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर वसुबारसेच्या आत पोचवा. ते वापरायला शिकवण्यासाठी आशाताईंनी त्यानंतरचा पहिला सोमवार राखून ठेवला आहे.

आपल्या नम्र,
महिला ग्रामसंघाच्या सर्व सदस्या
तालुका वाळवा, जिल्हा सांगली