उद्यमनगरच्या मिस्त्री काकांना, खेळणी लायब्ररीतल्या सगळ्या आयांकडून

काका, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असूदे ओ, त्यात काय एवढं" म्हणून चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून यावेळी सगळ्यांसमोर लिहूनच टाकतेय. नातवाकडून वाचून घ्या, आणि शेवटपर्यंत वाचून घ्या, कारण शेवटी काम पण आहे.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काकांनी आयुष्यभर उद्यमनगरात पॅटर्न मेकर म्हणून काम केलं. कोल्हापूरच्या फाउंड्र्या सगळ्यांना माहीत असतात पण पॅटर्न शॉप फारसं कुणाला माहीत नसतं. लोखंड ओतायच्या आधी जो पार्ट हवा त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा घेतात, मग त्या साच्यात रस ओततात. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्न मेकर. सागवान, शिवण, रंधा, पटाशी, कानस, बारीक माप घ्यायचं व्हर्नियर, आणि अर्धा मिलीमीटर इकडं तिकडं झालं तर अख्खा लॉट रिजेक्ट, असं ते काम. रिटायर झाल्यावर हत्यारं घरामागच्या शेडमध्ये होती आणि काका म्हणे नातवंडांना भोवरे करून देत होते. आमच्या तालमीतल्या एका पोरानं त्यांचं नाव सुचवलं आणि तिथनं सगळं सुरू झालं.

आमची खेळणी लायब्ररी म्हणजे स्पेशल मुलांसाठी खेळणी घरी न्यायची, महिनाभर वापरायची, परत आणायची, दुसरं न्यायचं. ही कल्पना आमची नाही. स्टॉकहोममध्ये १९६३ साली अशाच मुलांच्या पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून लेकोटेक नावाची खेळणी लायब्ररी सुरू केली, आणि १९६७ मध्ये लंडनजवळ एनफिल्डला जिल नॉरिस नावाच्या बाईंनी, त्यांची स्वतःची दोन मुलं स्पेशल होती, शेजारच्या तशाच आयांना गोळा करून खेळणी एकमेकींना वापरायला द्यायला सुरुवात केली. आमच्या स्पेशल एज्युकेटर मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं अरे हे तर आपल्याला पण जमेल, चार आया तर आपण पण आहोत. आणि कोल्हापूरला लायब्ररी काय नवीन आहे, करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, पुस्तकं न्यायची आणि परत आणून द्यायची सवय या गावाला पावणेदोनशे वर्षांची आहे.

पण गरज का पडली ते पण सांगायला पाहिजे, कारण खूप जण विचारतात की खेळणी काय दुकानात मिळत नाहीत काय. मिळतात, पण आमच्या मुलांना चालतील अशी ऑनलाइन मागवावी लागतात आणि साधं लाकडी पेग बोर्ड, म्हणजे भोकांत खुंट्या बसवायची फळी, घ्यायचं म्हटलं तरी आमच्यासारख्या घरात दोनदा विचार करावा लागतो. बरं घेतलं तरी पोराला ते आवडेल की नाही ते आधी कळत नाही, आवडलं तर थेरपीचा तो टप्पा संपला की ते कपाटावर जातं, आणि नाही आवडलं तर पहिल्या दिवसापासनंच कपाटावर. कोल्हापुरात अशी किती घरं असतील जिथं एकाच्या कपाटावर पडलेलं खेळणं दुसऱ्याला आत्ता हवं आहे. ते फिरतं ठेवायचं एवढंच आमच्या डोक्यात होतं.

काका आले आणि त्यात आणखी एक गोष्ट आली, जी आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हती.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी आहे, त्यात हातापायांच्या स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. त्याच्या उजव्या हाताची मूठ घट्ट असते, उघडायला वेळ लागतो आणि उघडली की चटकन मिटते. दुकानातल्या पझलला जो बारका खिळ्यासारखा दांडा असतो तो चिमटीत धरायचा असतो आणि चिमटी त्याला होत नाही. तो ते पझल ढकलून द्यायचा. मग बघणारे म्हणायचे त्याला इंटरेस्ट नाही, त्याला कळत नाही. हे ऐकून ऐकून घरातले पण तसंच म्हणायला लागले होते, आणि माझ्याकडं काही उत्तर नव्हतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी त्याची फाइल काढून ठेवली होती, रिपोर्ट वगैरे. तुम्ही फाइलकडं बघितलंच नाही. पिशवीतनं शाडूचा गोळा काढलात, कुंभार गल्लीतनं आणलेला, तो त्याच्या मुठीत दिलात आणि म्हणालात, "दाब बाळा." त्यानं दाबला. बोटं उमटली, तळहाताची घडी उमटली, अंगठा कुठं येतो ते उमटलं. तुम्ही तो गोळा उचलून फिरवून फिरवून बघितलात, व्हर्नियर लावलंत, पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलंत आणि निघून गेलात. मला तर काही कळलंच नाही. पुढच्या वेळी तुम्ही पझल आणलंत त्याच्या प्रत्येक तुकड्याला त्या मातीच्या मापाची मूठ होती, लाकडाची, घासून गुळगुळीत केलेली. त्यानं ती धरली. काका त्यानं ती धरली आणि सोडली नाही, आणि मी आतल्या खोलीत जाऊन रडले, हे तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

धरलं तरी पुढची अडचण होतीच. हात थरथरतो, त्यामुळं तुकडा खाचेत बरोबर बसवणं जमत नाही, कडेवर आपटतो. इथं तुम्ही जे केलंत ते मी आता प्रत्येक नवीन आईला समजावून सांगते. पॅटर्न वाळूतनं वर काढताना वाळू ढासळू नये म्हणून त्याच्या बाजू सरळ उभ्या ठेवत नाहीत, जराशा तिरक्या ठेवतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. फाउंड्रीत एक-दोन डिग्री पुरतो म्हणालात. पझलच्या तुकड्याला आणि खाचेला तुम्ही त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ड्राफ्ट दिलात, म्हणजे खाच वर रुंद आणि खाली अरुंद, तुकडा पण तसाच. आता तो कसाही आणि कुठूनही टेकवला तरी घसरत घसरत आपल्या जागेवर जाऊन बसतो, आणि बसला की टक् असा आवाज येतो. तो आवाज ऐकायला माझं पोरगं आता पझल उलटं करून सगळं सांडतं आणि परत लावतं. हे कुठल्या कॅटलॉगमध्ये नाही. हे चाळीसेक वर्षं वाळूत पॅटर्न दाबलेल्या माणसाच्या हातात होतं आणि ते तुम्ही आमच्या पोरांसाठी वापरलंत.

बोर्डाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलंत म्हणजे ते टेबलावर सरकत नाही. चारी बाजूंनी कड वर घेतलीत म्हणजे तुकडे खाली पडत नाहीत, कारण आमच्या मुलांना वाकून उचलता येत नाही आणि दर वेळी आईनं उचलून दिलं की खेळ आईचा होतो. ज्या मुलीला कमी दिसतं तिच्यासाठी काळ्या बोर्डावर पिवळे तुकडे केलेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आमच्या दादांनी बॅटरीच्या खेळण्यांत तांब्याच्या दोन पट्ट्या घालून वायर बाहेर काढली आणि तिला ३.५ मिमी चा जॅक लावला, म्हणजे खेळणं बाहेरच्या बटणानं चालू करता येतं, ती त्यांची कमाल आहेच, पण त्याला जोडायचं बटण तुम्ही केलंत, ताटलीएवढं, कोपरानं दाबलं तरी चालतं, गालानं दाबलं तरी चालतं. जो मुलगा मानेखाली काहीच हलवू शकत नाही त्यानं गालानं बटण दाबून माकडाला टाळ्या वाजवायला लावल्या तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी पण टाळ्या वाजवल्या.

आणि ते गेज, म्हणजे माप तपासायचं साधन! मॅडम म्हणाल्या की लहान मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांड्याची टेस्ट असते, आतला व्यास ३१.७ मिमी, तळ तिरका, एका बाजूला खोली २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१, आणि जो तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. नियमानं ही टेस्ट तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आहे पण आमच्याकडं दहा-बारा वर्षांची मुलं पण वस्तू तोंडात घालतात, म्हणून आम्ही सगळ्याच खेळण्यांना लावायचं ठरवलं. मला वाटलं आता हे कुठनं आणायचं. तुम्ही आकडे लिहून घेतलेत आणि सागवानात लेथवर ते करून आणलंत, वर म्हणालात, "गेज आमच्या रोजच्या जेवणातलं." आता देणगीत आलेलं प्रत्येक खेळणं आधी त्या गेजमधनं जातं. बटणासारखे चपटे सेल असलेलं आणि झाकणाला स्क्रू नसलेलं काही आम्ही घेतच नाही, पोटात गेले तर ते सेल आतनं जाळतात. नवीन काही कुणी विकत आणून देणार असेल तर आयएसआय मार्क बघून आणा, १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडं तो सक्तीचा आहे. आणि विषय निघालाच आहे तर एक मनापासनं सांगते, तुटकी, चाकं गेलेली, केस उपटलेल्या बाहुल्या असलं "त्या मुलांना चालतंय की" म्हणून देऊ नका. नाही चालत. त्यांना पण चांगलंच लागतं.

कपाटाची गोष्ट पण तुमचीच. आम्ही आजाराप्रमाणं कप्पे करणार होतो, ऑटिझम, डाउन सिंड्रोम, सीपी असे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आम्ही म्हटलं एवढे कप्पे आणायचे कुठनं. तुम्ही म्हणालात शेडमध्ये मी हत्यारं कामाप्रमाणं लावतो, तासायची एकीकडं, भोकं पाडायची एकीकडं, तुम्ही पण पोरगं त्याच्याशी काय करणार ते लिहा. म्हणून आता आमच्या कप्प्यांवर दाबायचं, ओढायचं, फिरवायचं, वाजवायचं, रचायचं, कुशीत घ्यायचं असं लिहिलंय, शेजारी चित्र. ज्याला चाकं फिरवत बसायला आवडतं तो आपला फिरवायच्या कप्प्याकडं जातो आणि कुणी त्याला विचारत नाही तुला काय झालंय. सावंतवाडीची लाकडी फळं कुठं ठेवायची यावर मात्र आमच्यात अजून वाद आहे, मुलांनी ती कुशीत घ्यायच्या कप्प्यात नेऊन ठेवली आहेत आणि मला वाटतं ती तिथंच राहू द्यावीत.

तालमीच्या पोरांचे पण आभार, त्यांनी रस्त्यालगतची खोली दिली, भाडं नाही घेतलं, आणि काकांनी सांगितल्याबरोबर दारात उताराचा रॅम्प केला, एकास बारा या हिशोबानं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, जागा जास्त गेली तरी कुणी कुरकुर केली नाही. गणपतीत डेकोरेशनचं सामान आलं की आमची कपाटं काकांच्या शेडमध्ये जातात. धुवायचं काम आयांचं, प्लॅस्टिकचं साबणाच्या पाण्यात, लाकडाचं ओल्या फडक्यानं पुसून सावलीत. प्रत्येक पिशवीला तुकड्यांचा आकडा आणि फोटो लावलेला असतो, परत घेताना मोजून घेतो. राधानगरी, कागलहून एसटीनं येणाऱ्यांना महिन्याच्या वर पण ठेवू देतो, एवढ्या लांबनं तारीख धरून यायला लावणं बरोबर नाही.

काका तुम्ही पैसे घेत नाही, लाकडाचे तेवढे घेता आणि ते पण पावती दाखवून. मी एकदा म्हटलं मजुरी तरी घ्या तर तुम्ही म्हणालात की आयुष्यभर मी जे केलं ते वाळूत गेलं, पंपात गेलं, इंजिनात गेलं, वापरणारा माणूस कधी दिसला नाही, आता दिसतोय. एवढं बोललात आणि परत घासायला लागलात. त्यावर काय बोलावं मला त्या दिवशी पण सुचलं नाही आणि आज पण सुचत नाही, म्हणून नुसतंच थँक यू म्हणते, माझ्याकडनं, माझ्या पोराकडनं, आणि ज्या ज्या घरात आज तुमच्या हातची एखादी मूठ कुठल्यातरी मुलाच्या हातात आहे त्या सगळ्या घरांकडनं.

आता काम. गडहिंग्लजहून एक मुलगी यायला लागली आहे, सात वर्षांची, डावा हात चालत नाही. तिला पझल नको, बटण नको, तिला भातुकली पाहिजे. "मी पोळ्या लाटतो," म्हणून हट्ट धरून बसली आहे. तर एका हातानं चालेल असं पोळपाट-लाटणं करायचं आहे, पोळपाट हलू नये आणि लाटण्याला मधोमध वर एकच मूठ असावी असं मॅडम म्हणतात, तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही बघा. तिच्या मुठीचं माप शाडूत घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय, सुकून तडकायच्या आत नातवाला पाठवून द्या, आणि लाकडाचे किती होतील ते आधी सांगा.

तुमची,
लायब्ररीची चावी जिच्याकडं असते ती